पित्तराच्या भाताची पेज

आत्याबाई, ओळखलंत का? नसंल ओळखलं. लग्न होऊन आले तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही मला धाकट्या नणंदेच्या नावानं हाक मारायचात, नाहीतर सरळ म्हशीच्या. म्हशीला मात्र कधी चुकून माझ्या नावानं बोलावलं नाही, तिचं नाव तुम्हाला पक्कं पाठ. आता तिकडं जाऊन इतकी वर्षं झाली, तर माझा तोंडावळाही पुसून गेला असंल. म्हणून सांगते. मी तुमची सून, थोरल्याची बायको. धोतराला खळ घालायला जिला शिकवलंत, अन् शिकवताना जिच्या मनगटावर पळी मारलीत, ती.

मला लिहिता येत नाही हे तरी आठवत असंल, कारण तुम्हालाही येत नव्हतं. आपल्या दोघींत मिळून एक अक्षर नव्हतं, तरी भांडणात कधी शब्द कमी पडला नाही. हे मी बोलतेय आणि माझी सून लिहितेय. नात पुण्याला शिकते, लेक वाळूजला कंपनीत गेलाय, घरात लिहिणारी हीच उरली. मी ‘लई’ म्हटलं की ही ‘खूप’ लिहिते, मला वाचता येत नाही म्हणून सुटते. आता हिच्याबद्दलच जे सांगायचं ते हिच्याच हातानं लिहून घ्यायचं, ही मोठी पंचाईत. चांगलं सांगितलं तर डोक्यावर बसंल, वाईट सांगितलं तर पेन ठेवून उठंल. म्हणून जसं झालं तसं सांगणार आहे, आणि मधे थांबायचं नाही असं तिच्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.

आज सर्वपित्री. तुमचं ताट दुपारीच गच्चीवर ठेवून आले. उद्या घट बसतील. या दोन दिवसांच्या मधोमध माझ्याकडं एक गोष्ट येऊन पडलीय, ती तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

आधी चहाच्या पुड्या म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. तुमच्या वेळी चहा म्हणजे गुळाचं काळं पाणी, पितळीतून भुरकायचं. इथं शहरात चहा पुडीत बसतो. मलमलीची बोटभर पुडी, तिला दोरा, दोऱ्याच्या टोकाला कागदाची चिठ्ठी. कपात उकळतं पाणी घ्यायचं अन् पुडी आत सोडायची, विहिरीत पोहरा सोडल्यासारखी. आणि गंमत म्हणजे या पुडीत चहाची पत्ती नसतेच. मोसंबीची साल, सफरचंदाच्या वाळवलेल्या चकत्या, गवती चहा, तुळस, जास्वंदाच्या पाकळ्या, आवळ्याचा कीस. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मी म्हटलं, बाई, हा तर फुगलेल्या बैलाला पाजायचा काढा, नुसता कप चांगला आहे. सून हसली नाही. शाळेतली नोकरी सुटल्यापासून ती हसतच नव्हती. वर्षभर या घरात भांड्यांचा आवाज व्हायचा, माणसाचा नाही. मग मोबाईलवर कुठंतरी बघून तिनं या पुड्यांचं सुरू केलं आणि सकाळी उठून गच्चीवर जायला लागली. सालीचा आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडायचा, नाहीतर कडू उतरतं. सफरचंद लिंबाच्या पाण्यातून काढायचं, नाहीतर काळं पडतं. वर जुनी सुती साडी टाकून वाळवायचं. चकती वाकली तर आत ओल आहे, कटकन मोडली तर झालं. ओली भरली तर पुडीत बुरशी. हे सगळं ती मला शिकवते, मी शिकते, आणि अधूनमधून टोमणा मारते. ‘आई, हात धुतले का?’ असं मला विचारते. आत्याबाई, तुम्ही मला हजार गोष्टींवरून बोललात, पण हात धुण्यावरून कधी बोलला नाहीत.

आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहते. सगळे तिला काकू म्हणतात, मी नुसतं वरची म्हणते. भजनी मंडळ तीच चालवते. तिच्या लेकीची दोन लेकरं पोटातच गेली. आता तिसऱ्यांदा राहिलंय, आठवा लागलाय. वरचीनं देवीला नवस बोललाय, नवरात्रात धान्याचा कण तोंडात घालणार नाही, फळांवर आणि पाण्यावर राहीन, माझ्या लेकीची कूस भरू दे. उपाशीपोटी दुधाच्या चहानं तिला जळजळतं. म्हणून तिनं माझ्या सुनेला सांगितलं, तुझ्या त्या पुड्या मला उपवासाच्या करून दे, मंडळातल्या बायकांनाही दे, ज्या दिवसाचा जो रंग त्या रंगाचा दोरा लाव.

सुनेचं हे पहिलं मोठं काम. तिनं किती जपून केलं ते मी बघितलंय. बडीशेप काही घरांत उपवासाला चालते, काही घरांत चालत नाही, म्हणून फोन करकरून विचारलं आणि शेवटी काढूनच टाकली. दालचिनीवर एकीनं नाक मुरडलं, दालचिनी गेली. दोऱ्यांचा रंग पाण्यात उतरायला नको म्हणून दोरे मिठाच्या पाण्यात उकळले. पीठ लागलेला मिक्सर नको म्हणून पाकळ्या हातानं चुरल्या. आत काय जाईल आणि काय जाणार नाही यावर एवढा खल झाला, की बाहेरच्या कापडाकडं कुणी बघितलंच नाही. आणि कापड माझ्याकडं होतं.

मलमल शहागंजातून आणली होती, पित्तरपाठ लागायच्या आधीच. या पंधरवड्यात नवं कापड घ्यायचं नाही, एवढं तरी मी या घरात अजून चालवते. पण लई झिरझिरीत निघाली. सुई टोचायच्या आत पळायची. माझे डोळे असे, बोटं अशी. शिवण वाकडी आली की ही बोलायची नाही, माझी पाठ वळली की उसवून पुन्हा शिवायची. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मग मामंजींची तिथी आली. त्या दिवशी भात मी कुकरला लावू देत नाही, पित्तराचा भात पातेल्यातच शिजवून वेळायचा, वरची पेज ओतून काढायची. पेज वेळली आणि तो वास आला. तुम्हाला तो वास ठाऊक आहे. आपल्या फुलंब्रीच्या घरी रोज ज्वारीची भाकर, भात सणाला नाहीतर पाहुण्याला. ज्या दिवशी भात त्या दिवशी पेज, ज्या दिवशी पेज त्या दिवशी मामंजींचं धोतर. तुम्ही पेज गाळून पाणी घालताय, धोतर बुडवताय, ‘पिळू नको, निथळू दे’ म्हणून माझ्यावर खेकसताय. मग अर्धं ओलं असताना दोघींनी दोन टोकं धरून ताणायचं. तुम्ही असा हिसका द्यायचात की धोतर राहायचं जागेवर आणि मीच तुमच्याकडं ओढली जायचे. तर त्या वासानं माझ्या हातांनी मला काही विचारलंच नाही. मलमल पेजेत गेली.

वाळल्यावर कापड असं ताठ झालं की कागदासारखं कापलं जायला लागलं. सुई सरळ चालायला लागली. ही बघून म्हणाली, आई, किती सुबक शिवताय आता. या घरात आल्यापासून तिनं मला दिलेली ही पहिली शाबासकी. मी आपली फुगून बसले. खळीचं बोलायचं राहिलं, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे हेच मनात आलं नाही.

काल दुपारी सगळ्या पुड्या भरून झाल्या, खोक्यात रंगांप्रमाणं रचून झाल्या. पोचवायच्या आधी एक बघावी म्हणून तिनं कपात सोडली. पाणी तांबूस झालं, तसं व्हायलाच पाहिजे, पण जरा गढूळही झालं. चमच्यानं ढवळलं तर तळाशी पांढुरकं काहीतरी फिरलं. ती म्हणाली, सफरचंदाचं असेल. दुसरी पुडी सोडली. तेच. कप खिडकीच्या उजेडाला धरून ती बघतेय आणि मी तिच्या मागं उभी आहे, आणि मला कळलंय. पेज. भाताची. आणि भात तरी कुठला, पित्तराच्या ताटाचा. ज्या बाईनं धान्याचा कण घेणार नाही म्हणून देवीला शब्द दिला, तिच्या कपात.

ती म्हणाली, चव तर चांगली आहे, असू दे, संध्याकाळी देऊन येऊ. मी म्हटलं, व्हय.

मग ती खोक्याला बांधायला रिबीन आणायला गेली आणि मी आणि ते खोकं असे दोघंच घरात राहिलो. मी त्याच्याकडं बघतेय, ते माझ्याकडं. कुणाला कळणार आहे? कापडाचा कुठं उपवास असतो? एवढ्याशा खळीवरून लेकीच्या पोटातलं लेकरू नेईल अशी देवी नसती, एवढं मलाही कळतं. पण काही बरंवाईट झालंच, तर वरची जन्मभर आपलं कुठं चुकलं ते शोधत बसंल, आणि मी खालच्या मजल्यावर ठाऊक असून बसलेली असंन. बरं, सांगितलं आणि मग काही झालं, तर बोट आमच्याच दाराकडं. आणि वरचीचं जाऊ दे, माझ्या घरातली ही, जी आत्ता कुठं बोलायला लागलीय, तिचं काय? सांगितलं की हिचं काम गेलं. पुन्हा भांड्यांचे आवाज.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी बोलावलं नव्हतं. तुमचं ते उपवासाचं जातं. गल्लीतल्या बायका भगर, राजगिरा तुमच्याच जात्यावर दळायच्या, कारण तुमच्या त्या जात्याला दुसरं धान्य लागत नाही असा तुमचा तोरा. एका नवरात्रात माझ्या धाकट्या जावेनं त्यावर ज्वारी भरडली आणि सांगितलंच नाही. तुम्हाला कळलं तोवर बायका पीठ नेऊन, खाऊन मोकळ्या. तुम्ही डोक्यावर पदर घेतलात आणि भर उन्हात घरोघर निघालात. मी मागून, मान खाली, मनात तुम्हाला शिव्या देत. प्रत्येक दारात तुमचं तेच, माझ्या जात्याला ज्वारी लागली होती, तुमचा उपवास माझ्यामुळं मोडला. जावेचं नाव एकदाही नाही. कुणी हसलं, कुणी बसवून पाणी दिलं. कोपऱ्यावरच्या बाईनं दार लावून घेतलं, ती मरेस्तोवर तुमच्याशी बोलली नाही. परत येताना मी म्हटलं, आत्याबाई, कुणाला कळलं असतं? तुम्ही रस्त्यात थांबून माझ्याकडं असं बघितलंत, मला वाटलं आता पळी नसली तरी हात येतो.

‘देवीचं मला ठाऊक नाय,’ तुम्ही म्हणालात. ‘पण उपाशी त्या राहिल्या व्हत्या. त्यांची भूक आपुन खोटी करायची नाय.’

आणि लगेच, चाल पाय उचल, भाकरी टाकायच्यात. तुम्हाला दुसऱ्याला अडचणीत टाकून पुढं चालू लागायची फार सवय होती. बघा, अजून चालू आहे.

मी कात्री घेतली. आतला माल काढून ठेवावा, कापड बदलावं, असं डोक्यात. नवं कापड कुठं होतं? आणि संध्याकाळपर्यंत एवढ्या पुड्या कोण शिवणार होतं? तरी उसवत गेले. ही दारात येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या मांडीवर सुटे दोरे, पुढ्यात जास्वंदाचा ढीग.

तिनं विचारलं, काय करताय? मी पुढची पुडी उसवली. तिनं पुन्हा विचारलं. मग तिचा आवाज असा खाली गेला की ओरडली असती तर परवडलं असतं.

‘आई, माझं एवढं एक नीट झालेलं तुम्हाला बघवलं नाही का?’

‘भाताची खळ आहे कापडाला,’ मी म्हटलं.

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती तिथंच जमिनीवर बसली. एक पुडी उचलली, बोटांत धरून चुरचुर वाजवून बघितली, कापड ताठ होतंच. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

‘तुम्हाला एकटीला ठाऊक होतं तोवर ते तुमचं होतं,’ ती म्हणाली. ‘आता मलाही झालं. कशाला सांगितलं?’

ती उठली, न उसवलेल्या पुड्या पुन्हा रचल्या, उसवलेला माल एका डब्यात भरला, खोक्याला रिबीन बांधली, गाठ सरळ केली. मला वाटलं, झालं, ही गुपचूप देऊन येणार. आणि खरं सांगू, माझा जीव थोडा हलका झाला. आता पाप असलं तर ते दोघींत वाटलेलं. तिनं चप्पल घातली आणि म्हणाली, चला.

आम्ही जिना चढायला लागलो. ती पुढं, मी मागं. तिच्या पाठीवरून मला काही कळत नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठडा धरला आणि म्हटलं, गुडघ्यात कळ आली गं, तू हो पुढं, मी येते. ती गेली. मी पायरीवर बसले. त्या जिन्यात चमचा पडला तरी खालपर्यंत ऐकू येतो.

बेल वाजली. दार उघडलं. वरची खुशीत होती, ये ये म्हणाली. ही आत गेली नाही. म्हणाली, काकू, देण्याआधी एक सांगायचंय. कापडाला भाताची खळ घातली होती, शिवायच्या आधीच. पाण्यात उतरते. नवसाला चालणार नाही.

‘कुणी घातली?’ वरचीनं विचारलं.

‘मी,’ माझी सून म्हणाली.

मग वरची बोलली. काय बोलली ते सगळं इथं लिहायला नको, हिच्याच हातानं कशाला? लेकीचा आठवा चालू आहे, तुला कळत नाही का, तुला स्वतःला लेक आहे ना, असं. ही म्हणाली, कळतं म्हणूनच आले. सुटा माल देते, कापडाशिवाय, गाळून घ्या. वरची म्हणाली, त्या कापडाला लागलेला? शेवटी तिचा आवाज फाटला. म्हणाली, मग मी नऊ दिवस काय पिऊ? आणि दार लागलं. ही खोकं तिथंच दारात ठेवून खाली आली. माझ्यापाशी थांबली, म्हणाली, आई, फार दुखतंय का? आणि हाताला धरून मला घरी आणलं.

आज दिवसभर फोन वाजतोय. मंडळातली एक म्हणाली, अगं वेडे, कापड कधी उपाशी राहतं का, आण तू पुड्या. दुसरीनं नको म्हटलं, आणि तिचं ऐकून आणखी चौघींनी. खोकं अजून वरच्या दारात आहे. ना आत घेतलं, ना परत दिलं. ही सकाळी जाऊन बघून आली, मला बोलली नाही. मग कपाटं धुंडाळत बसली आणि एका बरणीत पुड्या भरायच्या आधीचा माल सापडला, कुठल्याही कापडाला न लागलेला. एका माणसाला नऊ दिवस पुरंल एवढा. बरणी पुसून तिनं टेबलावर ठेवलीय. वर न्यायची हिंमत होत नाही तिची. पत्र लिहितानाही मधूनच तिकडं बघते.

आता पुढचं. पेन थांबवायचं नाही असं ठरलंय. आत्याबाई, काल जिन्यात माझे गुडघे दुखत नव्हते.

ती माझ्याकडं बघतेय. लिही.

गुडघे चांगले होते. मी बसले कारण मला त्या दारात उभं राहायचं नव्हतं. ‘कुणी घातली’ हे मी ऐकलं. ‘मी’ हेही ऐकलं. उठून चार पायऱ्या चढले असते तर झालं असतं, पण मी कठडा घट्ट धरून बसले आणि वर ती माझ्या वाटची बोलणी खात होती. तुमच्यामागं घरोघर फिरून तुम्हाला शिव्या घालणारी मी, तुमच्यासारखी झाले नाही. जिनं तुम्हाला कधी बघितलंही नाही, ती झाली. आता हे तिला लिहावं लागतंय, लिहू दे.

हे पत्र कुठं टाकायचं असं ती विचारतेय. डोळे पुसून झाल्यावर विचारतेय. कुठंच नाही टाकायचं. तुम्हाला वाचता येत नाही, मला पाठवता येत नाही. तिनं लिहिलं, झालं. मी आता ही बरणी घेऊन वर चाललेय. ती बरोबर येते म्हणतेय, नको म्हटलं. वरची दार उघडते की नाही बघते. नाही उघडलं तर त्या खोक्याशेजारी बसते, पाठ टेकायला भिंत आहे.

एक काम तुमच्याकडं. दरवर्षी ताट मी पाठवते, तुम्ही तिकडून आजवर एक दाणा पाठवला नाहीत. या खेपेला पाठवा. आम्हाला काही नको. वरच्या मजल्यावर पाठवा, डिंकाचे लाडू, बाळंतिणीला देतात तसे. आत्ताच नको, दीड महिना जाऊ द्या. डिंक नीट फुलवून तळा, खारीक हात सैल सोडून घाला, आणि डबा मोठा भरा, भेटायला येणारे खातात.